कोपरा नसलेला नकाशा

खळबाईने आयुष्यात कुणाला माफ केल्याचं ऐकिवात नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसाल, की आता हिचं मन विरघळेल, आता ही डोळ्याला पदर लावेल. ते विसरा. बाई डूख धरणारी होती. आणि तिने जो डूख धरला, तो ऐकल्यावर तिला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, मी मात्र ठेवणार नाही.

खळबाई हे नाव संग्रहालयातल्या लोकांनी ठेवलेलं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवून शिजवून तिच्या हातांना, कपड्यांना, केसांनासुद्धा तो आंबूस वास कायमचा लागला होता. बंदराजवळच्या दगडी इमारतीत जुन्या आरमाराचं संग्रहालय होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला दुरुस्तीची खोली. उंच खिडक्या, दगडी मोरी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेबल, आणि कापडात गुंडाळून ठेवलेली लोखंडी वजनं. फाटके, कुरतडलेले, खाऱ्या हवेने खाल्लेले सागरी नकाशे तिथे यायचे आणि खळबाई ते सांधायची. हात इतका हलका, की कागदाला कळायचंसुद्धा नाही. तोंड मात्र तसं नव्हतं.

हे काम तिला वडिलांनी शिकवलं. तिच्या आधी त्या टेबलावर बाबाच बसायचे. बाबांचे नियम दोनच. एक, जे चिकटवायचं ते खळीनेच, पाणी लावलं की सुटलं पाहिजे. आपल्यानंतर आपल्यापेक्षा शहाणं कुणी आलं तर त्याला आपली चूक निस्तरता यायला हवी, म्हणायचे. दुसरा नियम, जुन्या कागदाचा कणही टाकायचा नाही. चुरा पडला तरी तो पुडीत बांधून नकाशाबरोबर ठेवायचा. याशिवाय त्या खोलीची एक रीत होती. मोठं काम संपत आलं, की शेवटचा तुकडा खोलीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने लावायचा. बाकीच्यांनी हातातलं काम खाली ठेवून भोवती उभं राहायचं. कुणी बोलायचं नाही. तुकडा बसला, की मग चहा.

आता त्या नकाशाकडे येऊ, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं.

फार जुन्या काळी एका राजाने पृथ्वीला वळसा घालून यायला लढाऊ गलबतांचा ताफा पाठवला होता. गेली ती गलबतांची रांग, परत आलं ते एकटं गलबत. बाकीची वादळात फुटली, खडकांवर आपटली, एक तर धुक्यात शिरलं आणि दिसलंच नाही पुन्हा. माणसांच्या हिरड्या सुजून दात गळाले, कमरेचे पट्टे उकळून चघळायची वेळ आली. आणि या सगळ्यात कुणी एक खलाशी पठ्ठ्या हलत्या टेबलावर बसून नकाशा काढत राहिला. कागदावर अजून त्याच्या कर्कटकाची भोकं दिसायची, मेणबत्तीच्या चरबीचा डाग दिसायचा, एका ठिकाणी पेल्याचं गोल वळं होतं. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याने एक लहानसा उपसागर काढला होता. तिथेच त्या एकट्या गलबताने हिवाळाभर दम धरला, शिडं शिवली, मेलेली माणसं पुरली, आणि मग ते घराकडे निघालं. तो कोपरा होता म्हणून बाकीच्या नकाशाला अर्थ होता.

आणि नेमका तोच कोपरा बाबांच्या हाताखाली असताना गेला.

झालं असं. नकाशा दुरुस्तीला टेबलावर होता. एका सकाळी बाबांनी वजनं उचलली तर खालचा उजवा कोपरा नाही! खोलीची किल्ली बाबांकडे. आदल्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी बाहेर पडले तेही बाबाच, आणि चौकशीत फाटकावरच्या चौकीदाराने ते खरं खरं सांगितलं. अशा कोपऱ्यासाठी हौशी लोक वाटेल ते मोजतात हे सगळ्यांना ठाऊक. संशय घ्यायला आणखी काय लागतं? घराची झडती झाली. पिठाचे डबे उपसले, गाद्या उसवल्या, ताईच्या लग्नासाठी घडी घालून ठेवलेले कपडे अंगणात फेकले. सापडलं काहीच नाही. पण सापडलं नाही म्हणजे विकून मोकळा झाला, असा निकाल लोकांनी आपापल्या ओट्यावर बसून देऊन टाकला. बाबांना घरी पाठवलं. नकाशाला कापडाचं अस्तर लावून, कोऱ्या कागदाचा कोपरा जोडून तो काचेच्या पेटीत ठेवला, आणि पेटीच्या लाकडी चौकटीवर पाटी लावली. पाटीवर बाबांचं पूर्ण नाव, आणि पुढे लिहिलेलं, ‘यांच्याकडे दुरुस्तीस असताना कोपरा गहाळ.’

ती पाटी आपण पहिल्यांदा कधी वाचली, हे खळबाईने कुणालाच सांगितलं नाही. सख्ख्या ताईलाही नाही.

बाबा त्यानंतर घरात बसून शाळेच्या पुस्तकांना पुठ्ठे चढवायचे. बोलणं बंद झालं असं नाही, पण आवाज गेला. शेजारी कुणी हसलं तरी दचकायचे. धाकट्या लेकीला म्हणजे खळबाईला त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळी विद्या दिली, आणि एक दिवस पुठ्ठा कापता कापताच गेले. पोरगी रडली नाही. ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं, आणि खळीचं भांडं घासायला घेतलं.

केलं कुणी हे मात्र माहीत नव्हतं. मग तिने चौकीदाराला धरलं. याच्याच तोंडामुळे बाबा गेले, त्याअर्थी यानेच ढापला असणार, असा तिचा हिशेब. पुढे ती संग्रहालयात कामाला लागल्यावर त्या बिचाऱ्याला तिने सळो की पळो करून सोडलं. त्याने नमस्कार केला की ही भिंतीकडे बघणार. तो दुपारी डुलक्या घेतो हे वर कळवून तिने त्याला मागच्या गोदामावर पाठवला, तिथे बसायला धड सावली नव्हती. त्याची बायको गेली तेव्हा सगळं संग्रहालय त्याच्या दारी गेलं, ही एकटी टेबलावर बसून नकाशा पुसत राहिली.

तिला ती नोकरी कुणी लावली? दाजींनी. दाजी म्हणजे ताईचा नवरा. बाबांच्या हाताखाली तो मदतनीस होता, ताईशी तेव्हाच ठरलं होतं, आणि बाबांवर एवढं किटाळ येऊनही त्याने लग्न मोडलं नाही. लोकांनी त्याचं केवढं कौतुक केलं! बाबांची जागा त्यालाच मिळाली. त्याने मेहुणीला चिकटवून घेतलं, हाताखाली ठेवलं, कधी आवाज चढवला नाही. आजारी पडली तर डबा घेऊन दारात उभा. खळबाई जगात कुणाला चांगलं म्हणत असेल तर फक्त दाजींना. बाबांच्या माघारी त्यांचं नाव चांगलं घेणारा हा एकच पुरुष, असं ती म्हणायची.

वर्षं गेली. दाजींचे केस पिकले, निवृत्ती जवळ आली. त्याच सुमाराला संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी ठरवलं, की तो नकाशा बाहेर काढून नवीन दालनात लावायचा. जुनं अस्तर कुजलं होतं, मागून कापड सुटायला लागलं होतं. दाजी म्हणाले, मीच करीन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पेटीची किल्लीही इतकी वर्षं त्यांच्याकडेच होती. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यांवर पट्टी आली. मोठ्या बाईंना घाई. त्यांनी किल्ली मागवून घेतली आणि नकाशा खळबाईपुढे ठेवला.

दाजींचा ताईकडून निरोप आला, नुसती वरची धूळ झाड, कापडाला हात लावू नकोस, मी येतो. ताई तो निरोप सांगतानाच हसत होती, की यांना त्या नकाशाचं माझ्यापेक्षा जास्त वेड. खळबाईने ऐकलं आणि सोडून दिलं. कापड सडलंय, ते न काढता धूळ कसली झाडायची? दाजींचे डोळे गेलेत की अक्कल, असंही वर म्हणाली.

भर सकाळी, खिडक्यांतून चांगलं ऊन येत असताना, तिने नकाशा ओल्या टिपकागदावर पालथा घातला आणि अस्तर सोडवायला घेतलं. खळ जुनी पण सालस, बोटबोटभर सुटत गेली. खालच्या कोपऱ्याशी आली आणि हात थांबला. तिथे कापडाखाली कापडाचाच आणखी एक तुकडा होता. चारी बाजूंनी नीट चिकटवलेला. तिने तो ओला केला, चिमट्याने उचलला. खाली पातळ कागदाची घडी. घडीत तो कोपरा.

उपसागर, नांगराची खूण, बारीक अक्षरांत लिहिलेली पाण्याची खोली, सगळं शाबूत. आणि त्या सगळ्यावर मधोमध, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. टोकाला टवका उडालेल्या इस्त्रीचा.

ती इस्त्री समोरच फळीवर होती. बाबा इस्त्रीला शिवायचेसुद्धा नाहीत, ओला कागद वजनाखाली वाळेल तेव्हा वाळेल म्हणायचे. घाई दाजींना असायची. नोकरीला लागताना ती छोटी इस्त्री तेच घेऊन आले होते, आणि टवका पहिल्याच महिन्यात उडाला हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण ताई त्यावरून त्यांना चिडवायची. अस्तरही त्यांनीच लावलेलं. बाबांना घरी पाठवल्यावर, एकट्याने, दार लावून.

खळबाई खाली बसली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. बाबा जेवायला घरी आले असतील, याने मागे इस्त्री फिरवली असेल, कागद जळून कडकन तुटला असेल. मग दडवला, आणि वजनं होती तशी मांडून ठेवली. फाटकावर चौकीदार प्रत्येकाची पिशवी तपासायचा, बाहेर न्यायची छाती होईना. शेगडीत टाकायला काय झालं होतं? राख झाली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण बाबांनी शिकवलेलं ना, कागदाचा कणही टाकायचा नाही! नियम पाळला हो शिष्याने. माणूस टाकला, कागद नाही टाकला.

आणि तो डबा घेऊन दारात उभा राहणं, ते आवाज न चढवणं, सगळं तिला एकेक आठवत गेलं. मोरीवर जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं. मग कोपरा टिपकागदात ठेवला, वजन ठेवलं, आणि कुणाकडे ब्र काढला नाही.

संध्याकाळी ती आधी गोदामावर गेली. चौकीदार आता पार थकला होता. तिने त्याला स्वतःची खुर्ची नेऊन दिली, उशीसकट. त्याने घाबरून विचारलं, आता काय केलं मी? ती म्हणाली, काही नाही केलंत, बसा. माफी मागणं तिला जमायचं नाही, तेव्हा एवढ्यावरच भागवलं.

मग ती फळं घेऊन दाजींकडे गेली. दाजी काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. ताई आत चहा टाकत होती. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “कापड काढलं नाहीस ना?”

“तुम्ही आल्याशिवाय शेवटचा तुकडा कोण लावणार, दाजी?”

त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, शहाणी आहेस. तिने त्यांना सफरचंद कापून दिलं, फोडी अगदी एकसारख्या.

निरोपसमारंभ दुरुस्तीच्या खोलीतच करायचा, असं तिने मोठ्या बाईंना पटवलं. दाजींची हयात या टेबलावर गेली, शेवटचा तुकडा त्यांच्या हातून लागू दे, नकाशाही पुरा होईल आणि माणसाचाही मान राहील. मोठ्या बाईंना कल्पना फार आवडली. न आवडून काय? त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावलं, ताईला पुढे खुर्ची दिली, ताईची लेक-जावई आले. डोळ्यांच्या विश्रांतीसाठी तोवर घरीच असलेले दाजी नवा सदरा घालून थेट समारंभालाच आले. नकाशा टेबलावर पांढऱ्या कापडाखाली होता.

मोठ्या बाई चार शब्द बोलल्या. सासऱ्यांवर किटाळ आलं, तरी या गृहस्थाने या खोलीचं नाव राखलं, असंही बोलल्या. खळबाई ते ऐकत उभी होती आणि तिच्या हातातल्या वाटीतली खळ जराही हलत नव्हती. मग तिने कापड ओढलं. नव्या अस्तरावर नकाशा लखलखीत पसरला होता, आणि खालचा उजवा कोपरा मोकळा. जुना कोरा तुकडा तिने काढून टाकला होता.

दाजी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. नवे डोळे होते, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिने त्यांच्या एका हातात चिमटा दिला आणि दुसऱ्या हातात घडी केलेला टिपकागद.

“दाजी, लावा.”

रीतच होती, तेव्हा सगळे गप्प उभे. दाजींनी घडी उघडली. रंग उतरला म्हणतात ना, तो असा समोर उतरताना खळबाईने पहिल्यांदा पाहिला, आणि पोटभर पाहिला. कोपरा बघून मागे कुजबुज झाली, कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, हरवलेला कोपरा सापडला म्हणून. मोठ्या बाई पुढे आल्या आणि त्यांना डाग दिसला. त्यांनी खळबाईला विचारलं, हा होता कुठे?

“ज्यांनी ठेवला त्यांना विचारा,” खळबाई म्हणाली. “मी तर तेव्हा शाळेत होते.”

आणि तिने हात मागे नेऊन फळीवरची इस्त्री उचलली, टवका सगळ्यांना दिसेल अशी नकाशाशेजारी ठेवली. ताईने इस्त्रीकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. तिला कुणी सांगायची गरज उरली नाही.

दाजींनी चिमटा टेबलावर ठेवला. मग टेबलाकडे बघतच बोलले. “माझ्या हातून जळला. उद्या सांगू म्हटलं. उद्या त्यांच्या घराची झडती होती. मग सांगायची हिंमत झाली नाही.”

“आता लावा,” खळबाई म्हणाली.

तिने वाटी पुढे केली. दाजींनी एकदा वाटीकडे, एकदा ताईकडे पाहिलं; कुणालाही वाटलं असतं हिने सोडून द्यावं. हिने सोडलं नाही. त्यांनी कडेला खळ लावली, कोपरा बसवला, टिपकागद दाबला. तोपर्यंत सगळी खोली उभी होती, त्यांची लेकसुद्धा. तुकडा अगदी रेषेला रेष लागून बसला. कागदावरच्या वाटेने ते गलबत उपसागरात शिरलं आणि बाहेर पडलं. त्या दिवशी चहा कुणी घेतला नाही.

आता कुणाला वाटेल, झालं, पुरे. खळबाईला वाटलं नाही. मोठ्या बाईंनी नवी पाटी लिहून आणली, ‘गहाळ कोपरा दुरुस्तीच्या वेळी सापडला.’ सभ्य, गुळगुळीत. खळबाईने ती परत केली. म्हणाली, जुन्या पाटीवर माझ्या बापाचं पूर्ण नाव होतं. नव्या पाटीवर दाजींचं पूर्ण नाव पाहिजे, आणि जाळला, लपवला, हे दोन्ही शब्द पाहिजेत. नाहीतर नवीन दालनात तुमच्या सगळ्या पाहुण्यांना मी दारात उभी राहून तोंडी सांगेन. ती सांगेल, याबद्दल मोठ्या बाईंना शंका नव्हती. पाटी बदलून आली.

पाटी लावायच्या आदल्या दिवशी ताई आली. बसली नाही. डोळे सुजले होते. दाजींशी बोलत नाही म्हणाली, त्यांनी जेवणही टाकलंय म्हणाली. बाबांचं नाव धुतलं गेलं, त्याचं तिला बरं वाटत होतं, तेही म्हणाली. मग तिने बहिणीचा हात धरला.

“नाव नको घालूस ग. माझी नातवंडं उद्या शाळेबरोबर तिथे जातील. त्यांनी हे वाचायचं?”

खळबाईने हात सोडवून घेतला नाही. पण बोलली ते असं.

“मी वाचलंय, ताई. शाळेच्या सहलीत. बाईंनी मला सांगितलं, तुझं वाचन चांगलं, मोठ्याने वाच. मी पहिलं नाव वाचलं, मग बाबांचं आडनाव वाचलं, आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळला. तरी बाई म्हणाल्या, थांबलीस का? पुढे वाच. मी पुढे वाचलं.”

ताईने बहिणीचा हात सोडला. पदर सारखा केला आणि ती गेली. बहिणींचं त्यानंतर येणंजाणं राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळबाई खोलीत आली तेव्हा खळीचं भांडं कोरडंच होतं. येता येता ती बाजारात हार्डवेअरच्या दुकानात शिरली होती. तिने दुकानदाराला विचारलं होतं, लाकडाला पक्कं बसेल असं काय आहे? पाण्याने सुटतं का? तो म्हणाला, बाई, लाकूड फुटेल, पण हे सुटायचं नाही. तेच द्या, म्हणाली.

बाबांचा नियम तिने जन्मात तेवढा एकदाच मोडला. नवीन दालनात जाऊन चौकटीवर तो झोंबऱ्या वासाचा गोंद तिने स्वतःच्या बोटाने पसरला, पाटी ठेवली, आणि तळहाताने दाबून धरली. बोटंही जराशी चिकटली, ती तिने ओढून सोडवली, कातडं निघालं तरी. मग मागे सरकून तिने दाजींचं नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मोठ्याने, शाळेत वाचतात तसं. दालनात दुसरं कुणी नव्हतं. वाचून झाल्यावर ती आपल्या खोलीत गेली आणि खळ शिजायला ठेवली.